आप्पांनी माझी गोळी सोडवली

दौंडला आमच्या वॉर्डात माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, सगळे ओळखतात ते दारू सोडवणारे म्हणून. रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, आप्पांनी पिणारे धरले. कुणाची बायको रडत दारात आली की ते अंगात सदरा अडकवून निघायचे, त्या गड्याला असेल तिथून उचलून आणायचे आणि त्याच्याच घरातल्या आतल्या खोलीत घालून दाराशी खुर्ची टाकून बसायचे. लिंबू-गुळाचं पाणी, भाताची पेज आणि बाहेरून कडी. आतला माणूस थरथरायचा, घामानं निथळायचा, आधी शिव्या द्यायचा आणि मग पाया पडायचा. आप्पा पेपर वाचत बसायचे. "थरथरतोय, म्हंजी निघतंय," एवढंच म्हणायचे. देशीच्या दुकानात ते आधीच सांगून ठेवायचे, की अमक्याला द्यायची न्हाई. दुकानदार ऐकायचा, कारण आप्पांच्या मागे वॉर्डातल्या सगळ्या बायका उभ्या असायच्या. एकाला त्या खोलीत फिट आली, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, तरी पद्धत काही बदलली नाही.

त्यांचा धाकटा भाऊ दारूनंच गेला, तेव्हापासूनचं हे. रविवारी विहारात वंदनेला आप्पा पुढच्या रांगेत असतात आणि पाचवं शील, नशेपासून लांब राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो. यात थट्टा करण्यासारखं काही नाही. त्यांनी माणसं वाचवलीत, घरं वाचवलीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण यापुढे त्यांच्याबद्दल मला चांगलं काही लिहायचं नाही.

मी तळेगाव ढमढेऱ्याला राहते आणि जवळच्या एका गावात झेडपीच्या शाळेवर शिकवते. मला डिप्रेशन आहे. हा शब्द आमच्याकडे टेन्शन या अर्थानं वापरतात, त्यामुळे कुणाला सांगितलं की तो लगेच त्याचं टेन्शन सांगायला लागतो. माझं तसं नव्हतं. मला टेन्शन कशाचंच नव्हतं, तीच तर अडचण होती. सकाळी डोळे उघडले की ते परत कधी मिटता येतील एवढाच विचार यायचा. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की पोरांकडे वळायचं बळ यायचं नाही, मग मी लिहिलेलंच परत गिरवत राहायचे. सासरच्या शेजारणींनी निदान करून टाकलं की हिला बाहेरचं झालंय आणि एका देवऋष्याचा पत्ताही दिला. तेव्हा आप्पाच दौंडहून आले होते. ओसरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आमच्यात असलं चालत न्हाई. आजार हाय, डॉक्टरकडं न्यायचं." त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. हा अभिमान मला पुढे महागात पडला.

शिरूरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. गोळीनं मला आनंदी वगैरे केलं नाही, तसं कुणी समजू नये. फक्त भाजीत मीठ कमी पडलंय हे मला परत कळायला लागलं. मुलगी शाळेतून आली की ती काय बोलतेय ते कानात शिरायला लागलं. दोन वर्षं ठीक गेली. मग माझं बीपी चढायला लागलं. डॉक्टर म्हणाले ही गोळी बदलू, जुनी हळूहळू कमी करायची आणि नवी हळूहळू चढवायची. शाळेला सुट्टी असेल तेव्हा करा, थोडं जड जाईल. थोडं जड जाईल, एवढंच. त्या वाक्यात काय काय मावतं ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली होती.

मे महिन्यात सासरी कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा असतो. रोजानं आलेल्या बायका, त्यांचा चहा, ट्रॅक्टर, पाहुणे. त्यात मी डोकं धरून पडले असते तर घरच्यांनी बोलून दाखवलं नसतं, पण भांड्यांनी दाखवलं असतं. म्हणून मी माहेरी जायचं ठरवलं. ज्या घरात देवऋषी चालत नाही आणि डॉक्टर चालतो, त्या घरात हे निभावेल असा माझा हिशेब होता. मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं आणि न्हावऱ्याला गाडी बदलून दौंडला आले.

जुनी गोळी अर्ध्यावर आली आणि सुरू झालं. डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले की डोक्यात झटका बसायचा. ओल्या हातानं बटण दाबल्यावर बसतो, तसाच. त्याला आवाजही होता, झर्र असा, कवटीच्या आतून येणारा. कुणी हाक मारली तर मान वळवायची मला भीती वाटायला लागली. मळमळ, घाम, पायाखालची फरशी हलतेय असं वाटणं आणि रडू. रडूही असं, की मोरीत भांडी घासताना साबण हातातून निसटला म्हणून. आणि राग. एकदा आई पीठ चाळत होती, त्या चाळणीचा आवाज मला सहन होईना. मी हातातलं फुलपात्र भिंतीवर फेकलं. आईनं फुलपात्र उचलून परत मांडणीत ठेवलं. पण आप्पांनी पेपर खाली केला होता आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. हात थरथरत होते.

हे हात त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. तिथंच सगळं बिघडलं.

"कवापासून घेतीस गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली की आप्पा. तुम्हाला माहितीय."

"मला वाटलं संपल्या आसतील. रोज घेतीस?"

"रोज."

"आन् न्हाई घेतली की असं व्हतं?"

"कमी केली की होतं. म्हणून तर हळूहळू कमी करतेय, आणि दुसरी सुरू करतेय."

आप्पांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मग ही नशाच झाली की, बाळा."

मी शिक्षिका आहे, समजावून सांगणं हा माझा धंदा आहे. मी समजावलं. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. मला गोळीची तलफ येत नाही, गोळी घेऊन मला झिंग येत नाही, मी आजपर्यंत एक गोळी जास्त घेतलेली नाही. आप्पा मान हलवत ऐकत होते. "समदे असंच म्हणत्यात," ते म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरनं दिलीय. ते म्हणाले, तुझा काका बी औषध म्हणूनच घ्यायचा. मी चिडून ओरडले. ते म्हणाले, बघ, राग येतो. मी रडले. ते म्हणाले, रडू बी येतं. मी जे काही बोलेन ते पिणारा माणूस बोलतो तेच होतं, आणि गप्प बसले तर पिणारा माणूस गप्पही बसतो.

त्यांनी माझ्या पर्समधून जुनी आणि नवी दोन्ही पाकिटं काढली आणि संडासात नेली. मी कॉटवर पडून एकेक गोळी पाकिटातून फुटल्याचा टचटच आवाज ऐकत होते. उठून धावावं तर घर फिरत होतं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला. आप्पा आले, माझा फोन उचलून कपाटात ठेवला आणि दाराशी खुर्ची टाकली. मी शहाणीसुरती बाई, पोटची पोर असलेली, मास्तरीण. माझ्या बापानं मला बाहेरून कडी घातली, आणि आईनं लिंबू-गुळाचं पाणी करून आणलं.

नवऱ्याचा फोन आला की आप्पाच घ्यायचे. "पाव्हणं, झोपलीय ती. काळजी करू नका, मी हाय." नवरा निर्धास्त व्हायचा. त्याचा सासऱ्यांवर फार विश्वास. वॉर्डातल्या बायका बघायला यायच्या, दाराच्या फटीतून माझी विचारपूस करायच्या. एक म्हणाली, "आप्पांच्या हाताखाली हाय, सुटंल." तिचा नवरा त्याच पद्धतीनं सुटला होता. ती खरंच माझ्या भल्याचं बोलत होती. त्या दिवसांत माझ्याशी वाईट कुणीच वागलं नाही, आणि म्हणून मला कुणाचा गळाही धरता येईना.

झटक्यांचं मी सोसलं असतं. घामाचं, ओकारीचं, दुपारी पत्र्याखालच्या उकाड्याचंही सोसलं असतं. पण झटक्यांच्या मागून ते जुनं यायला लागलं. आपण नसलेलं बरं, हा विचार पहिल्यांदा परत आला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं. दोन वर्षं तो कुठं गेला नव्हता, नुसता दाराबाहेर थांबला होता. मला आणखी काही नको होतं, जिवंत राहायचं होतं, आणि ते आपल्या हातात राहणार नाही अशी भीती मला वाटत होती. मग लाज सोडून मी आप्पांना ते सांगितलं. दाराच्या फटीशी बसून म्हटलं, "आप्पा, मला मरावंसं वाटतंय. खरंच वाटतंय. मला गोळी द्या."

आप्पांनी कडी काढली, आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "समदे म्हणत्यात बाळा. तिसऱ्या-चवथ्या दिवशी समदे म्हणत्यात." आणि बाहेर जाऊन त्यांनी परत कडी घातली.

रविवारी ते वंदनेला गेले. जाताना खुर्चीवर आईला बसवून गेले. आई थोडा वेळ बसली. मग कडी वाजली. तिच्या हातात माझा फोन होता, आणि ती माझ्याकडे न बघता बोलली, "मेडिकलात जाऊन ये. मी दळणाला गेले व्हते म्हणीन." चाळीस-पंचेचाळीस वर्षं आप्पांच्या पुढे तिनं तोंड उघडलं नाही, आणि असलीच वाट काढून तिनं संसार केला असणार, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये होता. आधी नवऱ्याला फोन लावला. काय झालं ते सांगितलं, येऊन घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "थोडे दिवस ऐक ना आप्पांचं. सुटल्या गोळ्या तर चांगलंच हाय की." मी फोन ठेवला. मग डॉक्टरांना लावला. डॉक्टर चिडले, मध्येच थांबवलं कशाला, अशानं होणारच. जसं काही मी हौसेनं थांबवलं होतं. तरी त्यांनी नीट सांगितलं, आता कुठली किती घ्यायची, कशी चढवायची, मरणाचे विचार आले तर लगेच यायचं, कुणालातरी जवळ ठेवायचं. आणि दुसऱ्या दिवशी फोन करा म्हणाले.

वॉर्डातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीचा फोटो बघितला आणि मग नजर चुकवली. "ताई, आप्पा सांगून गेल्यात. तुम्हाला द्यायच्या न्हाईत." देशीच्या दुकानात सांगतात तसं ते मेडिकलात सांगून आले होते. फळीवर माझी गोळी मला दिसत होती. मी त्याला म्हटलं, "मी आजारी आहे." तो म्हणाला, "व्हय ताई, बरं वाटंल." एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला तो बिचारा अगदीच चुकीचा माणूस होता.

मग रेल्वेरुळांखालच्या मोरीतून पलीकडे गेले, आप्पांना कुणी ओळखत नाही तिथपर्यंत. टांग्याच्या घोड्यासारखी नजर समोर धरून चालत होते, कारण डोळे हलले की झटका, आणि हॉर्न वाजला की डोळे हलायचेच. पलीकडच्या मेडिकलवाल्यानं फोटो बघितला, गोळ्या दिल्या, पिशवी हवी का विचारलं. एवढं साधं. पाण्याची बाटली घेऊन बंद दुकानाच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून मी गोळी गिळली. ज्या कोपऱ्यात उभे राहून लोक क्वार्टर संपवतात, तसल्याच कोपऱ्यात. मला आप्पांनी पिणारी केलंच होतं शेवटी.

घरी आले तर आईनं पाकीट माझ्या हातातून घेऊन तांदळाच्या डब्यात खाली दडवलं. "त्यांना कळू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "वार्डात नाव हाय त्यांचं." मी हो म्हटलं.

रोज सकाळी आई तांदूळ निवडायला बसायची आणि माझ्या चहाच्या बशीत गोळी यायची. दिवसभर ती काही ना काही निमित्तानं माझ्या खोलीत असायची. हळूहळू झटके विरळ झाले. घास गिळवायला लागला. तो विचार एकदम गेला नाही, पण मागे सरकला. एका सकाळी मी आपणहून अंघोळीला गेले आणि आप्पांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "निघालं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी हापूस आणला. कडी पडायची थांबली, खुर्ची अंगणात गेली. पुढच्या वंदनेनंतर त्यांनी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं, की नशा बाटलीतच असते असं न्हाई, माझ्याच लेकीला गोळीची लागली होती, आन् ती सुटली. बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी आईकडे बघितलं. आई खाली सतरंजीकडे बघत होती. मी गप्प बसले. वाटलं, जाईल निभावून. चार दिवसांनी मी माझ्या घरी जाणारच होते.

पण बातमी माझ्या आधी निघाली होती. भांडगावहून लांबच्या नात्यातली एक बाई आली, सुनेला घेऊन. सुनेच्या मांडीवर लहान बाळ. बाळंतपणानंतर ही पोर खचली होती, डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या होत्या. सासूनं त्या बंद केल्या होत्या आणि उरलेल्या पिशवीत घालून आणल्या होत्या. "आप्पा, तुमच्या लेकीचं सोडवलं तसं हिचं बी सोडवा," ती म्हणाली. ती पोर मान न हलवता बसली होती. बाळ रडलं तरी तिनं आधी डोळे मिटले आणि मग मान वळवली. असं का करतात ते त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

आप्पांनी पिशवी घेतली आणि संडासाकडे निघाले.

"आप्पा, मी गोळी घेते," मी म्हणाले.

"घेत व्हतीस."

"आजही घेतली. सकाळी. त्या रविवारपासून रोज घेते."

आतलं आईचं लाटणं थांबलं. मी स्वयंपाकघरात गेले, आईच्या समोरून डबा उचलला आणि पाकीट काढून आप्पांच्या पुढे धरलं. त्याला तांदळाचा कोंडा लागला होता. मी त्यांना म्हटलं, मी तुमच्या खोलीनं बरी झाले नाही, त्या खोलीत मी मरायला टेकले होते. मी या गोळीनं बरी झाले आणि ही मी डॉक्टर सांगतील तोवर घेणार. एवढं सरळ मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते.

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा आईवर ओरडतील, किंवा निदान त्यांना धक्का बसेल. तसं काही झालं नाही. त्यांच्या तोंडावर जे आलं ते माझ्या ओळखीचं होतं. खोलीत बसवून सोडवलेला गडी परत गुत्त्यावर दिसल्याचं कुणी येऊन सांगितलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. ते त्या बाईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हिचं अजून सुटलं न्हाई."

बाईनं माझ्याकडे कीव येऊन बघितलं. मी आप्पांच्या हातातून पिशवी काढून घेतली, त्यांनी ती धरून ठेवली नाही. पोरीच्या हातात देऊन तिला म्हटलं, डोक्यात झटके येतात ते गोळी अचानक तोडल्यामुळे येतात. उद्याच तुझ्या डॉक्टरकडे जा, मनानं बंदही करू नको आणि मनानं चालूही करू नको. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमाला बी आवाज यायचा?" मी हो म्हटलं. सासू उठली. "चल गं," म्हणाली. उंबरा ओलांडताना पिशवी पोरीच्या हातात होती. भांडगावला पोचेपर्यंत ती कुणाच्या हातात राहिली, मला माहीत नाही. मी चौकशी केली, तर सांगणाऱ्यानं बरी आहे म्हणून सांगितलं. माझ्याबद्दलही तेव्हा सगळे तसंच सांगत होते.

जूनमध्ये शाळा उघडली. नवी गोळी मला मानवली. मी फळ्यावर लिहिते आणि पोरांकडे वळते. नवऱ्याला मी शिरूरला डॉक्टरांसमोर बसवून सगळं ऐकवलं, त्यानं ऐकलं, पटलं की नाही ते तोच जाणे. आईला आप्पा काही बोलले नाहीत, पण तांदूळ आता ते स्वतः दुकानातून आणून स्वतःच डब्यात ओततात.

दर रविवारी वंदना झाली की आप्पांचा फोन येतो. नातीचा अभ्यास विचारतात, कांद्याचं विचारतात. मग आवाज खाली आणून, शेजारी कुणी ऐकू नये असा, विचारतात, "बंद केली का?"

"न्हाई आप्पा."

"बरं," ते म्हणतात. "खचू नको."

मी खचलेली नाही, हे त्यांना सांगायचं दर वेळी राहून जातं, कारण तोवर त्यांनी फोन आईकडे दिलेला असतो.